दमलेल्या बाईचं पान

मोठ्या बाई कुठलंही पुस्तक शेवटून उघडायच्या. त्यातून ते लेकरांसाठी लिहिलेलं, चित्रांचं, एखाद्या बाईचं चरित्र असेल तर हमखास. आधी शेवटचं पान, मग त्याच्या आधीचं, असं करत करत पुठ्ठ्यापर्यंत यायच्या, पुस्तक मिटून टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ही बी म्हातारी झाली न्हाई."

आमच्या शाळेत दर वर्षी पुस्तकांची एक पेटी येते. हल्ली तिच्यात धाडसी बायकांची चित्रपुस्तकं बरीच असतात. विमान चालवणारी, डोंगर चढणारी, कोर्टात भांडणारी. गुळगुळीत कागद, टपोरी अक्षरं. प्रत्येकीचे हात कमरेवर आणि नजर वर कुठंतरी. यंदाची पेटी उघडायलाच मला फुरसत मिळत नव्हती. आधी लेकरांच्या आधारची माहिती भरायची होती, मग खिचडीचे फोटो चढवायचे होते, मग कसलं तरी सर्वेक्षण आलं. शेवटी एका शनिवारी दोरी कापली, वरचं पुस्तक हातात घेतलं, आणि जरा वेळानं माझ्या लक्षात आलं की मी ते शेवटून उघडलंय.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आता रिटायर होऊन परभणीतच असतात, गुडघ्यांनी बेजार आहेत, फोन केला तर "बोला मॅडम, किती माहिती मागवली आज?" असं विचारतात. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांची थोडीच वर्षं उरली होती. बोरीच्या अलीकडं एका फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि आत चालत जायचं, अशी आमची शाळा. आम्ही दोघी परभणीहून जायचो. झरी येईपर्यंत उभं राहावं लागायचं. झरीला गाडी जरा रिकामी झाली की बाई खिडकीशी बसायच्या, पिशवीतून ब्लेड काढायच्या आणि लेकरांच्या रंगीत पेन्सिलींना टोक करायला लागायच्या. सालपटं बाहेर फेकायच्या नाहीत, पदराच्या गाठीत बांधायच्या. ती पुढं चित्रातल्या बायकांच्या लुगड्यांना काठ म्हणून चिकटायची.

कंडक्टर म्हणायचा, "बाई, ब्लेड आत ठेवा, गचका बसंल."

"डायवरला सांगा खड्डे बगून चालव म्हणावं. मी माझं काम करायले."

उंच, हडकुळ्या, पायात पुरुषी चपला. "बायकांच्या चपला चालायसाठी करतच न्हाईत," हे त्यांचं कारण. शाळेतल्या सगळ्या मुलींना, अगदी पहिलीतल्या नाक गळणाऱ्या पोरीलासुद्धा, त्या अहो-जाहो करायच्या. "काय बाई, जेवलात का? मग तोंड कामून धुतलं न्हाई?" मुलांना मात्र अरे-तुरे. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "पोरांना पुढं जन्मभर मिळायचंच हाय. पोरींना निदान सातवीपर्यंत मिळू द्या."

लेकरांना घेऊन त्या चित्रं काढायच्या, त्यांत आभाळ कधीच निळं नसायचं. पिवळट, मळकट, उन्हात ठेवलेल्या वर्तमानपत्रासारखं. एकदा तपासणीला आलेले साहेब भिंतीवरची चित्रं बघत म्हणाले, "बाई, लेकरांना आभाळाचा रंग शिकवला नाही का तुम्ही?" बाईंनी त्यांचा हात धरला म्हटलं तरी चालेल, इतक्या लगबगीनं त्यांना व्हरांड्यात नेलं. एप्रिलचे दिवस होते. "बगा साहेब, आन् कुठं निळं दिसलं तर मला सांगा." साहेबांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं, आणि पुढच्या वर्गात गेले.

पण हे सगळं ऐकून त्या फार आनंदी, खटपट्या वगैरे वाटत असतील तर तसं नव्हतं. त्या दमलेल्या होत्या. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. मालक नोकरीतून निवृत्त झाल्यापासून टीव्हीपुढं बसायचे ते जेवायलाच उठायचे. पहाटे सासूचं सगळं आवरून, दोन्ही वेळचा स्वयंपाक करून बाई स्टँडवर यायच्या तेव्हा त्यांचा दिवस निम्मा झालेला असायचा. "मी शाळेत बसायला येते," असं त्या म्हणायच्या. आम्हाला तो विनोद वाटायचा.

पेटीतली पुस्तकं त्या वाचून दाखवायच्या, पण मध्येच थांबायच्या.

"ही बाई एवढं विमान चालवून घरी आली. मग चहा कोणी केला?"

"तिनंच!" पोरी ओरडायच्या.

"मग ते चित्र कुठाय? शोधा बरं."

पोरी पानं उलटून उलटून शोधायच्या. सापडायचं नाही. "पहिल्या पानापासनं हिंमतवान," बाई स्टाफरूममध्ये कुरकुरायच्या. "मधी एकदा तरी टेकली आसंल की बिचारी. हे वाचून आपल्या पोरींना वाटंल, आपण तर रोज दमतो, म्हणजे आपल्याच्यानं काही व्हायचं न्हाई."

म्हणून त्यांनी स्वतःची पुस्तकं करायला घेतली. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं, खाली चार-दोन वाक्यं, आणि दाभणानं शिवण. बाई जवळपासची पाहिजे, जिवंत पाहिजे, आणि लेकरांनी जाऊन तिला विचारलं पाहिजे. पिंगळीच्या स्टेशनवर पेरू विकून लेकीला नर्स केलेली एक. झरीची एक, जी भर ग्रामसभेत घरून खुर्ची आणून पुरुषांच्या पुढच्या रांगेत बसली होती. आणि प्रत्येक पुस्तकात एक पान ठरलेलं: दमलेली बाई. भिंतीला टेकून, गुडघ्यांवर हात सोडून, तोंड उतरलेलं. सुरुवातीला लेकरांना ते पान आवडायचं नाही. पण बाई त्यावर हटून बसायच्या. मला मात्र ते पान फार आवडायचं. दुपारी चार वाजता, डोकं भणभणत असताना, त्या पानाकडं नुसतं बघितलं तरी बरं वाटायचं.

कलावतीबाईंचं पुस्तक हे सगळ्यांत गाजलेलं. गाजलं ते भांडणानं.

कलावतीबाईंचं आमच्या फाट्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातली मोटार जळाली की तिच्यातली जळकी तार उपसायची आणि नवी तांब्याची तार मोजून गुंडाळायची, हे काम. लहानसं शटर, आत वार्निशचा वास, भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि त्याला तांब्याच्या तारेचाच हार. दुकान मूळचं त्यांच्या नवऱ्याचं. त्याला लकवा झाला, एक बाजू गेली. मग त्यानं दुकानातच बाजेवर पडून सांगायचं आणि हिनं हातानं करायचं, असं चाललं होतं. थोरल्या दिराला ते पटलं नाही. बाईच्या हातची मोटार कोण विहिरीत सोडणार, म्हणत त्यानं दुकान जिंतूरच्या एका माणसाला द्यायचं ठरवलं आणि बाजाराच्या दिवशी शटरला कुलूप ठोकलं. कलावतीबाईंनी शेजारच्या पंक्चरवाल्याचा हातोडा घेतला आणि भर बाजारात ते कुलूप फोडलं. शटर वर केलं आणि आत जाऊन कामाला बसल्या. एवढी गोष्ट. नवरा पुढं काही वर्षांनी गेला. दुकान चालू आहे.

लेकरांनी ही गोष्ट एका दमात काढली. कुलूप फोडायच्या चित्रासाठी तर मारामारी झाली. त्याच्या पुढच्या पानावर बाईंनी स्वतः दमलेली बाई काढली: फुटलेल्या कुलपाशेजारी, शटरला टेकून बसलेली कलावती, मान खाली.

पुस्तक वर्गावर्गांत फिरलं आणि दुसरीतल्या एका पोरानं घरी जाऊन विचारलं, "आजोबा, ते कुलूप तुमी लावलं होतं का?"

आजोबा म्हणजे कलावतीबाईंचे दीर, आणि ते आमच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष. गाव त्यांना अध्यक्ष म्हणूनच हाक मारायचं. दुसऱ्या दिवशी प्रार्थना चालू असतानाच ते फाटकात येऊन उभे राहिले. पांढरं धोतर, हातात काठी. ओरडले नाहीत. खुर्चीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "बाई, आमच्या घरातली गोष्ट हाय ती. जुनी झाली. लेकरं माझ्याकडं बोट करायलेत. ते कुलपाचं पान काढून टाका."

"ते पान काढलं तर पुस्तकात राहतंय काय?"

"मग पुस्तकच काढा. आमी वर लिहून देऊ. रिटायर व्हायला आल्यात तुमी, कशाला नसती दिक्कत?"

ते गेल्यावर बाईंनी पाण्याचा पेला उचलून जागेवर ठेवला. मग म्हणाल्या, "चला मॅडम, कलावतीला सांगून येऊ. पान काढत न्हाई म्हणावं, काय व्हायचं ते होऊ द्या." शाळा सुटल्यावर आम्ही फाट्यावर गेलो. पुस्तक बाईंच्या पिशवीत होतं. आणि तिथं बसल्यावर लक्षात आलं, की ज्या बाईचं पुस्तक, तिनं ते अजून बघितलंच नव्हतं. लेकरं विचारून गेली होती, आम्ही शिवून मोकळ्या झालो होतो.

कलावतीबाईंनी हात पुसले. मोठी अक्षरं त्यांना वाचता येत होती. एकेक पान जपून उलटत त्या कुलपापर्यंत आल्या, तिथं हसल्या. पुढचं पान उलटलं आणि थांबल्या. पुस्तक लांब धरलं, मग जवळ.

"बाई, ही कोण?"

"तुमीच की."

"मला वाटलं कोणाची मयत झाली."

मोठ्या बाईंनी समजावून सांगितलं: कुलूप फोडल्यावर तुम्ही दमून बसल्या असाल, ते दाखवलंय. लेकरांना कळावं, हिंमतीच्या बाईलाही थकवा येतो.

"त्या दिवशी?" कलावतीबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी दमले न्हवते बाई. त्या दिवशी मला लय भूक लागली होती."

आणि मग त्यांनी सांगितलं. शटर उघडून काम केलं, संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी समोरून गरम भजे आणले. नवऱ्याला बाजेवर उठवून बसवलं आणि दोघंही खायला लागले. "खाता खाता ह्यांना हसू फुटलं. आता लकव्याचं तोंड. एक बाजू हसायली आन् एक बाजू तशीच. भजं खाली पडलं. ते बगून मला हसू आवरंना. मी हसायले म्हणून ते आणखीन हसायले. पंक्चरवाला इचारायला आला, काय झालं म्हणून. आमाला सांगता बी येईना." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "ह्यांचं तसं हसणं परत न्हाई बगितलं मी. तुमी हे कुणी इचारलंच न्हाई."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मग दमलात कवा?"

"दमायचं काय, ते रोजचंच हाय. आत्ता बी दमलेच की. त्याचं काय चित्र काढायचं?"

परतीच्या एसटीत बाईंना लगेच जागा मिळाली, पण त्यांनी पेन्सिली काढल्या नाहीत. पुस्तक मांडीवर होतं. झरी मागं पडल्यावर म्हणाल्या, "मॅडम, आपली सगळी पुस्तकं आठवा बरं. इतक्या बायका काढल्या आपण. दमलेल्या पानावर तोंड एकच हाय."

ते तोंड कोणाचं ते मला ठाऊक होतं. रोज सकाळी स्टँडवर मी तेच बघत होते, आणि माझंही आताशा तसंच व्हायला लागलं होतं.

त्यानंतर बरेच दिवस शाळा सुटल्यावर बाई फाट्यावर कलावतीबाईंच्या दुकानात बसायच्या, एसटी येईपर्यंत. हसणं त्यांना काढता येत नव्हतं. आयुष्यभर काढलंच नव्हतं. खोडून खोडून कागदाला भोक पडायचं. अर्धं हसणारं तोंड तर जमेचना. कलावतीबाई मोटारीतून हात काढायच्या, बोटानं स्वतःचा एक गाल खाली ओढून धरायच्या आणि उरलेल्या अर्ध्या तोंडानं हसून दाखवायच्या. "आसं. न्हाई, आणखीन वाकडं." शेवटी झालं ते चित्र काही फार देखणं नव्हतं. दोन माणसं, मध्ये भज्यांचा कागद, तोंडं भलतीच मोठी. पण लेकरं पुस्तक हातात पडलं की थेट तेच पान काढायची आणि उगीचच हसायला लागायची. जुन्या पानाची शिवण बाईंनी स्वतः उसवली आणि ते पान पिशवीत टाकलं. बाकीच्या पुस्तकांचं काय करायचं, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

कुलपाचं पान मात्र जागेवर राहिलं, आणि अध्यक्षांनी सांगितल्याप्रमाणे वर लिहून दिलं. वरून निरोप आला: पुस्तक चौकशीसाठी जमा करा. बाई स्वतः जाऊन देऊन आल्या. मग ते परत मागायला जाऊ लागल्या. आज साहेब दौऱ्यावर, उद्या कपाटाची चावी ज्यांच्याकडं ते रजेवर. एका दिवशी बाई आल्या, खुर्चीत बसल्या, चपला काढून पाय हातानं दाबत म्हणाल्या, "जाऊ द्या मॅडम. मला आता ते जिने चढू वाटंनात." एवढ्या वर्षांत त्यांना काही सोडून देताना मी पहिल्यांदा बघितलं. त्यांच्यावर चौकशी वगैरे झाली नाही. पुस्तकही आलं नाही. दोन्ही गोष्टी वरच्या कुणाच्याच लक्षात राहिल्या नाहीत.

लेकरं विचारत राहिली. त्यांनीच जाऊन कलावतीबाईंना सांगितलं की तुमचं पुस्तक नेलं. त्या म्हणाल्या, "पुस्तक नेलं तर नेलं. मला कुठं नेलंय?"

तेव्हापासून शनिवारची शाळा सुटली की बाई लेकरांना रांगेनं फाट्यावर न्यायच्या. दुकानापुढं पोतं अंथरायचं, लेकरं बसायची आणि कलावतीबाई तार गुंडाळता गुंडाळता सांगायच्या. हात थांबायचे नाहीत. मान वर व्हायची नाही. समोर रस्त्यापलीकडं चहाची टपरी आहे, आणि तिच्या बाकड्यावर अध्यक्ष बसलेले असायचे. त्यांची ती बसायची जागाच होती. पहिल्या शनिवारी ते उठून गेले. पुढं जाईनात, पण आमच्याकडं पाठ करून बसायचे. पुढं पुढं पाठही राहिली नाही. कडेला बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत असल्यासारखं करायचे. बाईंनी त्यांच्याकडं कधी बघितलं नाही. ऊन असायचं, सगळ्यांनाच घरी जायची घाई असायची, मलाही. कधी कधी मला वाटायचं, आता पुरे झालं हे.

असाच एक शनिवार होता. कलावतीबाई कुलपापर्यंत आल्या होत्या. "आन् मग मी हातोडा घेतला. कुलूप काय, साधंच होतं. मारल्यासरशी उघडलं."

"साधं?"

रस्त्यापलीकडून आवाज आला. लेकरांच्या माना वळल्या. अध्यक्ष बाकड्यावरून अर्धे उठले होते.

"साधं कुठलं? अलीगढचं होतं ते! पितळी! परभणीहून मुद्दाम आणलेलं मी. दुसऱ्या कोणाच्यानं फुटलं नसतं ते!"

चहावाला पातेलं हातात धरून उभा राहिला. आपण काय बोललो ते अध्यक्षांना बहुतेक तेव्हा कळलं. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. कलावतीबाईंनी मान वर केली नाही, पण तार गुंडाळायचे हात थांबले होते.

मोठ्या बाई पोत्यावरून उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. पिशवीतून एक कोरा कागद आणि पेन्सिल काढली, दोन्हीकडं बघून रस्ता ओलांडला आणि बाकड्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष, आमच्या चित्रात ते लय लहान झालं होतं बगा. केवढं होतं? जरा हातानं दाखवा बरं."

अध्यक्षांनी त्यांच्याकडं बघितलं. मग पलीकडं लेकरांकडं बघितलं. त्यात दुसरीतला त्यांचा नातूही होता. काठी बाकड्याला टेकवली, चहाचा पेला बाजूला सरकवला आणि दोन्ही हात पुढं केले.

"एवढं," ते म्हणाले. आणि जरा विचार करून त्यांनी हात आणखी थोडे लांब नेले.